प्लंबर येऊन गेला, रूम बंद होती

हॉस्टेलच्या तक्रार वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला शेरा कोणता, हे सांगायला वही उघडायची गरज नाही. 'रूम बंद'. खाली तारीख आणि प्लंबरकाकांची लफ्फेदार सही. त्याच्याखाली त्याच पोराच्या हस्ताक्षरात पुन्हा तीच तक्रार, या वेळी दोन उद्गारचिन्हं जास्त. मग पुन्हा 'रूम बंद'. असा पत्रव्यवहार तीन-तीन आठवडे चालतो आणि तोवर नळ आपला ठिबकतच असतो.

मी बी.ई. मेकॅनिकलला आहे आणि दोन वर्षं हॉस्टेल कमिटीत मेंटेनन्सचं बघतोय. 'बघतोय' हा शब्द अगदी बरोबर आहे, कारण करता काहीच येत नाही, नुसतं बघता येतं. पोरं म्हणतात, हे लोक कामच करत नाहीत. मेंटेनन्सची माणसं म्हणतात, पोरं थांबतच नाहीत. आणि गंमत अशी की दोघंही खरं बोलतात. आपण साडेनऊला कुलूप लावून लेक्चरला पळतो आणि प्रॅक्टिकल संपवून साडेपाचला येतो. काकांची ड्युटी साडेनऊ ते साडेपाच. म्हणजे दोन वेळापत्रकं अशी काटेकोर जुळवली आहेत की त्यांची गाठ कधी पडूच नये. ठरवून केलं असतं तरी इतकं अचूक जमलं नसतं.

माझं म्हणणं साधं आहे. दर शनिवारी पुढच्या आठवड्याचा एक कागद मेसच्या बोर्डावर लागला पाहिजे. कोणत्या दिवशी, किती ते किती, कोणता कारागीर, कोणत्या विंगमध्ये आहे, कोणाची साप्ताहिक सुट्टी कधी आहे आणि त्या दिवशी त्याच्या जागी कोण. बस. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा कागदासाठी पानभर लेख कशाला? तर तो कागद तयार करायला बसलं की कळतं, तो एवढासा नाही.

पहिली अडचण 'माणूस आहे' या शब्दातच आहे. ऑफिसला विचारलं की उत्तर मिळतं, 'आपल्याकडे दोन प्लंबर, दोन वायरमन, एक सुतार आहेत ना!' आहेत, हजेरीपटावर आहेत. पण आठवड्यात त्यांचे किती तास खरोखर आपल्या दुरुस्तीला मिळतात? समजा एका प्लंबरचे सहा दिवस, रोज आठ तास, म्हणजे ४८ तास. त्यातून रोज सकाळ-संध्याकाळ पंप चालू-बंद करणं आणि टाक्या बघणं यात दोन तास धरा, म्हणजे बारा गेले. वॉशर, कॉक, टेफ्लॉन टेप स्टोअरमधून काढणं, नसलं तर चिठ्ठी घेऊन बाजारात जाणं, यात आठवड्याचे पाच-सहा तास. जेवण आणि चहा धरून रोजचा एक तास, म्हणजे आणखी सहा. लॅबमधून, क्वार्टर्समधून आणि 'साहेबांनी बोलावलंय' म्हणून येणारी बोलावणी वेगळीच. हातात उरले वीसेक तास. आपण मात्र ४८ तासांचा माणूस गृहीत धरून तक्रारी लिहितो आणि मग त्याला कामचुकार म्हणतो.

पंपाचं तर मला नवल वाटतं. आपल्या कॉलेजात दर वर्षी फायनल इयरच्या प्रोजेक्टांत 'स्मार्ट' हा शब्द असलेले निदान पाच-सहा रिपोर्ट बाइंड होतात. स्मार्ट होम, स्मार्ट इरिगेशन, स्मार्ट डस्टबिन. आणि हॉस्टेलच्या टाकीची मोटर एक माणूस झोपेतून उठून हाताने चालू करतो, आणि टाकी भरून वाहायला लागली की वॉचमन मामांच्या हाकेवर बंद करतो. फ्लोट स्विच आणि लेव्हल कंट्रोलर बसवला तर एका कुशल माणसाचे आठवड्याचे दहा-बारा तास मोकळे होतील. नवीन माणूस न घेता! हे प्रोजेक्ट कुणी करणार असेल तर गाइड सरांशी मी बोलतो.

दुसरी अडचण साप्ताहिक सुट्टीची. ती आपल्याला फार किरकोळ वाटते, कारण आपल्याला शनिवार-रविवार आयते मिळतात. कामगाराला रविवार मिळावा म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांना मुंबईत काही वर्षं झगडावं लागलं, तेव्हा १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची एक सुट्टी मान्य केली. पुढे १९४८च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि जादा कामाला दुप्पट दराने मजुरी ठरवली. आपले वायरमन काका कारखान्यात नाहीत, हॉस्टेलला आहेत, आणि बहुतेक लोक ठेकेदाराच्या हजेरीवर आहेत. पण माणसाच्या पाठीला ते कळत नाही. रविवारी दुपारी 'काका, लाइट गेली' म्हणून फोन करणारे आपणच असतो आणि ते येतातही. मग तो रविवार वहीत कुठे लिहिला जातो? कुठेच नाही. फोन लागतो म्हणजे माणूस ड्युटीवर आहे, असं आपण धरून चालतो. ड्युटीवर असणं वेगळं आणि फोन उचलणं वेगळं, हा फरक त्या कागदावर आला पाहिजे.

आता थोडं गणित. घाबरू नका, एम-३ नाही.

रात्रीसुद्धा कुणीतरी वायरमन हवा, ही आपली मागणी दर जी.एस. निवडणुकीत होते आणि टाळ्या घेते. एक जागा चोवीस तास भरायची तर रोज तीन पाळ्या, आठवड्याला एकवीस. एक माणूस आठवड्याला सहा पाळ्या करणार. एकवीसला सहाने भागा, साडेतीन आले. म्हणजे एका खुर्चीमागे साडेतीन माणसं, तीही कुणी आजारी पडलं नाही, कुणाच्या घरी लग्न निघालं नाही, तर. चार घेतली तर चोवीस पाळ्या होतात, पण त्यातला एक जण आठवडाभर गावी गेला की उरतात अठरा, आणि तीन पाळ्या उघड्या पडतात. रेल्वेत याच्यासाठी 'रेस्ट गिव्हर' आणि 'लीव्ह रिझर्व्ह' म्हणून वेगळी माणसंच धरलेली असतात. एकाचं काम इतरांच्या सुट्टीच्या दिवशी उभं राहायचं, दुसऱ्याचं रजेच्या जागी. आपल्याकडे हा विचारच नाही. म्हणून मी 'रात्रीचा वायरमन द्या' या मागणीच्या बाजूने नाही. रात्री दहापर्यंत एक जण, आणि त्यानंतर फक्त धोक्याच्या कामासाठी पाळीपाळीने एकाचं नाव, आणि ज्याचं नाव त्याला दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा, एवढं झालं तरी पुष्कळ.

दुसरं गणित रांगेचं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये किती लाइन ठेवाव्यात हे शोधताना कोपनहेगनच्या एर्लांग नावाच्या माणसाने १९०९मध्ये या विषयाची सुरुवात केली. प्रॉडक्शनवाल्यांना हे सिलॅबसमध्ये आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. एकच कारागीर आहे, तक्रारी वाटेल तेव्हा येतात आणि एका कामाला सरासरी तास लागतो, असं सगळ्यात साधं मॉडेल घ्या. कारागिराचा ८० टक्के वेळ भरलेला असेल तर नंबर लागायला सरासरी चार तास जातात. ९० टक्के भरला तर नऊ तास. ९५ टक्के भरला तर एकोणीस तास, आणि हे कामाचे तास आहेत, घड्याळाचे नाहीत. म्हणजे दोन दिवसांच्या वर. माणूस फक्त पंधरा टक्के जास्त बिझी झाला आणि थांबणं जवळजवळ पाचपट झालं. तेव्हा एखादा प्लंबर अर्धा तास टपरीवर दिसला की 'बघा, बसलाय' म्हणून फोटो काढून ग्रुपवर टाकणाऱ्या मित्रांनी हे लक्षात घ्यावं, की आठवड्याच्या प्लॅनमध्ये थोडी जागा रिकामी ठेवावीच लागते. ती रिकामी असते म्हणूनच टॉयलेटची टाकी फुटल्यावर कुणीतरी पळत येऊ शकतं. माझ्या मते शंभर तास असतील तर ठरलेली कामं सत्तरच्या वर लावूच नयेत.

तिसरं एवढंच, की तक्रार वहीवरूनच वाट किती बघावी लागेल ते काढता येतं. जॉन लिटल यांनी १९६१मध्ये सिद्ध केलेला नियम आहे: पडून असलेली कामं म्हणजे रोज येणारी कामं गुणिले सरासरी दिवस. रोज सहा तक्रारी येत असतील आणि वहीत तीस पडून असतील, तर पाच दिवस धरा. बोर्डावर हा एक आकडा दर शनिवारी लिहिला तरी रोज ऑफिसच्या खिडकीत डोकावून 'सर, माझं कधी?' विचारणारी निम्मी पोरं कमी होतील. माणसाला थांबायला राग येत नाही हो, किती थांबायचं ते न कळण्याचा राग येतो.

हे सगळं मी काही नवीन शोधून काढलेलं नाही. आपल्या आजूबाजूला सगळे हेच करतात. मुंबईची पोरं हॉस्टेलला आली तरी रविवारी घरी जायच्या आधी मेगाब्लॉक कुठे आहे ते बघतात. मध्य रेल्वे मेगाब्लॉक आधी जाहीर करते आणि पश्चिमवाले त्याला जम्बो ब्लॉक म्हणतात. लोक वैतागतात, पण त्या हिशेबाने निघतात. त्यात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे, लाइन एकदा बंद केली की रुळांची माणसं, ओव्हरहेड वायरची माणसं आणि सिग्नलची माणसं एकाच वेळी आत उतरवण्याचा प्रयत्न असतो. पुण्यात पाण्याची दुरुस्ती म्हटलं की गुरुवार, आणि त्याच्या मागून 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने' हे वाक्य पेपरमध्ये इतकी वर्षं येतंय की ते पुणेकरांना पाठ आहे. पिंपरी-भोसरीकडच्या पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टीही गुरुवारीच असते. एकदा वार ठरला की लोक आदल्या दिवशी बादल्या भरून ठेवतात.

आमच्या विंगमधल्या एका बाथरूमचं उदाहरण घ्या. सोमवारी गवंडी आला, त्याने फुटकी टाइल काढली. खालचा पाइप गळत होता, पण प्लंबर त्या दिवशी लेडीज हॉस्टेलला. बुधवारी प्लंबर आला, पाइप बदलला, पण टाइल लावायला गवंडी नाही, तो ठेकेदाराने दुसऱ्या साइटवर नेला. दहा दिवस बाथरूम बंद, काम अर्ध्या दिवसाचं. दोघांचे तास एका दिवशी जुळवायला कुणाला जास्तीचा एक रुपया लागणार नव्हता.

लेडीज हॉस्टेलचा प्रश्न तर आम्हाला कळतही नाही, कारण तो आम्हाला कधी आलेला नाही. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीने समजावून सांगितला. तिथे कारागीर एकटा वर जाऊ शकत नाही, बरोबर मावशी किंवा लेडी गार्ड लागते, आणि ठरलेल्या वेळेनंतर कुणालाच आत सोडत नाहीत. हा नियम योग्यच आहे. पण याचा अर्थ तिथे कामासाठी दोन माणसं मोकळी पाहिजेत, एक हातोडीवाला आणि एक सोबतीला. मावशींची सुट्टी आणि प्लंबरचा वार एकाच दिवशी आला की तो दिवस वाया. शुक्रवारी संध्याकाळी फ्लश बिघडला तर थेट सोमवार, आणि एका मजल्यावर किती मुली राहतात ते तुम्ही मोजा. त्यामुळे आठवड्याच्या कागदावर सोबतीच्या माणसाचंही नाव हवं. तो रकाना विसरला तर मुलींसाठी तो कागद कोरा आहे असं समजा.

काही कामं मात्र या कागदाची वाट बघणार नाहीत, ती वेगळी काढलीच पाहिजेत. गीझरला हात लावला की झिणझिण्या येतात, बोर्डातून जळका वास येतो, वायर ओल्या भिंतीला चिकटलीय, ही तक्रार वहीत लिहून जेवायला जायची गोष्ट नाही. मेन बंद करायचा, वॉचमन मामांना उठवायचं, त्या रात्री नाव असलेल्या माणसाला बोलवायचं. ओल्या बाथरूममध्ये ३० मिलिअँपिअरवर तुटणारा आर.सी.सी.बी. असायला हवा, आणि त्याचं टेस्टचं बटण ठरलेल्या अंतराने दाबून बघायला हवं, हे आपण इलेक्ट्रिकलच्या पहिल्या वर्षात शिकतो. ते बटण आपल्या हॉस्टेलमध्ये शेवटचं कुणी दाबलं, हे कुठल्याही वहीत मला सापडलं नाही. कारण असल्या कामाची कुणी तक्रार करत नाही. ज्याची तक्रार नाही त्याला आपल्याकडे वेळही नाही. टाक्या धुणं, पावसाळ्याआधी गच्चीवरचे पाइप मोकळे करणं, पॅनेलमधले सैल स्क्रू आवळणं ही कामं आठवड्याच्या कागदावर आधी लिहायची आणि मग उरलेल्या तासांत तक्रारी बसवायच्या. आपण उलट करतो.

पॅनेलच्या कामाला आणि उंच शिडीच्या कामाला दोन माणसं लागतात. एकाने वर काम करायचं, दुसऱ्याने मेन स्विचवर आणि शिडीवर लक्ष ठेवायचं. हेल्पर रजेवर असला की काका म्हणतात, 'होतंय की रे, दोन मिनिटांचं तर काम.' आणि एकटे चढतात. का चढतात? कारण खाली आपण पाच-सहा जण उभे असतो, पंखा बंद आहे, उद्या पेपर आहे आणि तोंडं वाकडी आहेत. कागदावर 'आज हेल्पर नाही, शिडीचं काम नाही' असं लिहिलेलं असेल तर त्यांना नाही म्हणायला आधार मिळेल. माझ्या लेखी या सगळ्या खटाटोपाचं हे एकच कारण असतं, तरी तो करण्यासारखा आहे.

आता आक्षेप. रेक्टर सरांना हे बोललो तेव्हा ते म्हणाले, 'अरे, कागद लावून माणसं वाढतात का?' नाही वाढत, सर. पण कमी किती आहेत ते तारीखवार दिसतं. चार आठवड्यांचे असे कागद एकत्र लावले आणि मॅनेजमेंटपुढे ठेवले, तर 'एक प्लंबर वाढवा' हे रडगाणं राहत नाही, तो हिशेब होतो.

वायरमन काकांचा आक्षेप मला जास्त खरा वाटला. ते म्हणाले, 'तुम्ही बोर्डावर माझं नाव लावणार, दुपारी तीन ते पाच बी विंग. तीन वाजता मला ऑफिसातून सांगणार, गॅदरिंगच्या मांडवात लायटिंग बघ. आणि बी विंगची पोरं माझ्या नावाने बोंबलणार. मग मला काय फायदा?' यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे, आणि ते ऑफिसला आवडणार नाही. कागद दोन्ही बाजूंना बांधील पाहिजे. ठरलेल्या तासातून माणूस काढला तर कुणी काढला आणि कशासाठी, ते त्याच कागदावर ज्याने काढला त्याच्या सहीने लिहायचं. कारागिराची हजेरी बघायला हा कागद वापरला गेला तर दोन आठवड्यांत तो फाटेल, आणि फाटलेलाच बरा.

रजेचं म्हणाल तर, 'अचानक रजा टाकतात' हे वाक्य मला पटत नाही. आपल्या सुतारकाकांचं गाव कोकणात. ते गौरी-गणपतीला जाणार हे कालनिर्णय भिंतीवर लागतं त्या दिवशीच कळलेलं असतं. कुणाची जून-जुलैत पेरणी असते, कुणी आषाढीला वारीत चालतो, कुणाच्या गावची जत्रा चैत्रात असते. विचारलं तर लोक सांगतात. टर्मच्या सुरुवातीला एकदा बसून सगळ्यांच्या तारखा वर्षाच्या कॅलेंडरवर मांडल्या, शेजारी आपल्या सबमिशनच्या, ओरलच्या आणि पेपरच्या तारखा मांडल्या, की कुठे हाल होणार ते आधीच दिसतं. पेपरच्या आदल्या आठवड्यात ड्रिल मशीन चालवायची नाही, हेही तेव्हाच लिहिता येईल.

आणि आपलं काय? आपल्यालाही वेळ द्यावी लागेल. तक्रारीच्या शेजारी एक रकाना हवा: 'मी रूमवर केव्हा असेन'. बुधवारी प्रॅक्टिकल नाही, दुपारी दोननंतर आहे, असं लिहा. किंवा आत यायला हरकत नसेल तर तसं लिहून किल्ली वॉचमन मामांकडे सहीनिशी ठेवा. पैसे, लॅपटॉप कपाटात बंद करा आणि पार्टनरला विचारा, कारण रूम त्याचीही आहे. कारागिरांपैकी एकाची वेळ आठवड्यातून दोन दिवस दुपारी बारा ते रात्री आठ केली तरी 'रूम बंद' पुष्कळ कमी होईल. काकांना विचारलं तर ते तयार आहेत, अट एवढीच की रात्रीचं जेवण मेसमध्ये मिळावं. मेस कमिटीने यावर अजून 'बघू' म्हटलंय. एका माणसाचं दोन दिवसांचं जेवण, यात बघायचं काय ते मला कळलेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीचं आत्ताच बोलून ठेवतो. तेव्हा सगळ्या रूम रिकाम्या असतात, मोठ्या कामांना त्यासारखी वेळ नाही. पण दिवाळी काकांच्याही घरी असते. म्हणून निम्मी माणसं लक्ष्मीपूजन-पाडवा-भाऊबीज करून येणार आणि मग उरलेली निम्मी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास जाणार, अशी वाटणी त्यांनी आपापसात केली तर दोन्ही जमेल. कुणी आधी जायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्यावं. आपण फक्त घरी निघताना पलंगाखालच्या बॅगा, बादल्या आणि पुस्तकांची खोकी भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवायची. ए विंगच्या तळमजल्यावर वायरिंग बदलायचंय, आणि तिथल्या पोरांनी यादी अजून दिलेली नाही.